हाच मागे बांधा

काल संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात एका अनोळखी गृहस्थांनी माझा पाणउतारा केला. रात्रभर त्यांना द्यायची उत्तरं सुचत होती. आता काय उपयोग?

आम्ही सुंदरबनला निघालोय. वनखात्याच्या परवान्यासाठी बोटवाल्याने चौघांच्या आधारकार्डाच्या प्रती मागितल्या, म्हणून रांगेत उभा होतो. मागे विजेचं बिल घेतलेले एक काका. त्यांनी माझ्या खांद्यावरून कागद वाचले.

"सुंदरबन? मुखवटा घेतलात का?"

"कसला?"

"अहो, डोक्याच्या मागच्या बाजूला लावायचा! वाघ पाठीमागून झडप घालतो. मागेही चेहरा दिसला की बिचकतो." हे त्यांनी मला नाही, रांगेला सांगितलं.

मला ते ठाऊक होतं. तीन आठवडे मी दुसरं काही वाचलेलं नाही. म्हटलं, "काका, ते 1980च्या दशकात, मध काढायला जंगलात पायी शिरणाऱ्यांसाठी होतं. आपण बोटीत असतो. दोबांकीच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी उतरलं तरी जाळीच्या आतूनच चालायचं."

"वाघ पोहतो, माहितीये?"

"माहितीये."

"मग बोटीत चढला तर?"

दुकानातल्या मुलाने मशीन थांबवलं. त्यालाही उत्तर हवं होतं.

"तुम्ही जाऊन आलात का?" मी जरा कुत्सितपणे विचारलं.

"छे! व्हिडिओ पाहिलाय."

तेवढ्यात माझ्या आधारची प्रत बाहेर आली. त्या फोटोबद्दल थोडं सांगायला हवं. काढणारा म्हणाला होता, "हसू नका." मी हसत नव्हतो. "हलू नका" म्हणाला तेव्हा मात्र हललो. काकांनी ती प्रत उचलली, ट्यूबलाइटखाली धरली, मान तिरकी करून पाहिली.

"मुखवट्याला पैसे कशाला घालवता? हाच मागे बांधा. वाघ फिरकायचा नाही."

रांग हसली. एक बाई तर पर्स तोंडावर धरून हसली. काकांचं एकवेळ सोडून देतो, वय झालंय. पण तो मुलगा अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "एक जास्तीची काढू का?" आणि काढली. तिचे पैसेही घेतले.

मला राग फोटोचा नाहीच. (आहे. पण तेवढाच नाही.) इतका अभ्यास केला, तो कुणी ऐकून घेत नाही. हावड्याला उतरलो तरी सुंदरबनच्या वाटेवरच्या कॅनिंगची लोकल सियालदहहून सुटते, हे मी शोधलं. तिथून गोदखाली, मग बोट. कॅनिंगची तर काय कथा आहे! मातला नदीवर इंग्रजांनी बंदर बांधायचं काढलं, तेव्हा हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने 1853 साली गव्हर्नर जनरलला लिहून कळवलं, की इथे वादळ सगळं धुऊन नेईल. 'सायक्लोन' हा शब्द बनवणारा हाच माणूस. ऐकलं नाही कुणी. 1867च्या वादळात बंदर उद्ध्वस्त. मला हल्ली पिडिंग्टन फार जवळचा वाटतो.

घरी, ऑफिसात, सासुरवाडीला, सगळीकडे एकच प्रश्न: "वाघ नक्की दिसणार ना?" खारट चिखलात श्वास घ्यायला मुळं वर काढून उभी असलेली झाडं आहेत, ती कुणाला नकोत. ज्या सुंदरीच्या झाडावरून जंगलाचं नाव पडलं म्हणतात, तिची चौकशी नाही. 1987 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, ते काय एका वाघाच्या हजेरीवर? पण हे बोलायला लागलो की लोक मोबाइल बघतात.

आणि बोटवाला! पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून मी वेळापत्रक केलंय. "बोट किती वाजता सुटेल?" विचारलं, तर म्हणाला, "भरती बघून." दुसऱ्या दिवशी? "भरती बघून." भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे माझे सगळे रकाने बाद. त्याचं बरोबर आहे, त्याचाच जास्त राग येतो.

आज सकाळी त्याचा निरोप आला: बाकी तिघांचे कागद चालतील, तुमचा चेहरा ओळखू येत नाही, प्रत पुन्हा पाठवा.

त्या दुकानाची पायरी मी चढणार नाही. बायकोला जायला सांगितलं. पायात चपला सरकवत तिने विचारलं, "किती काढू? मागच्यासाठी धरून?"