घरात बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

सोलापूरकर साहेब (खरं नाव टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण असो),

महापालिका मैदानं-तलाव बांधते पण तिथं शिकवायला पगारी माणूस ठेवत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्या "मैदानाला भिंत झाली, माणूस कुठाय" या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते आधी जसंच्या तसं टाकतो, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल मी कशाला उत्तर देतोय: "काय बे, पाणी पाच दिवसाआड येतंय अन् तुला पोहायला शिकवणारा पगारी मास्तर पाहिजे. कायद्यानं महापालिकेवर हे बंधनकारक पण नाही. ठेकेदाराला द्या, तो नीट चालवतो. घरात बसून लिहायला काय जातंय."

आता 'बे' चं बघू. सोलापुरात बे ही शिवी नाही हे मला तुम्ही सांगायची गरज नाही, पार्क चौपाटीवर मी पण दिवसातनं दहा वेळा म्हणतो, पण तिथं समोरच्याचं तोंड ओळखीचं असतं. तुमची माझी ओळख नाही, मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा असायची शक्यता जास्त आहे, आणि लेखात मी कुणाला एका शब्दानं वाकडं बोललो नव्हतो. मग हा टोन कशाला?

एक गोष्ट मात्र मान्य, लपवत नाही. मी "हे महापालिकेचं कर्तव्यच आहे" असं ठोकून दिलं होतं. 1949 च्या महापालिका अधिनियमात कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि जलतरण तलाव वगैरे कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. चूक माझी, लेखात दुरुस्त केलंय. पण राज्यघटनेची बारावी अनुसूची पण एकदा उघडून बघा, बागा आणि क्रीडांगणं तिथं शहरी संस्थांच्या विषयांत लिहिलेली आहेत. बरं हा कायद्याचा कीस झाला, त्यात मला रस नाही.

मला खरं लागलं ते "घरात बसून".

साहेब, माझी आई बिड्या वळायची. दिवसाला हजार बिड्या झाल्या तर घरात चूल नीट पेटायची, आणि आम्ही पोरं पानं कापायला बसायचो, म्हणजे घरात बसणं काय असतं ते मला तुमच्याकडनं शिकायचं नाही. गिरणी बंद पडल्यावर वडील दोन वर्षं नुसते दाराशी बसून होते. त्या घरातनं मला बाहेर कुणी काढलं असेल तर खो-खोच्या एका सरांनी. पगारी माणूस होता तो, रोज संध्याकाळी पाच वाजता सायकलवर फक्कीची (मैदानावर रेषा आखायच्या पांढऱ्या पुडीची) पिशवी लटकावून यायचा, स्वतः फक्की मारायचा, आणि तीसेक पोरं, त्यात पूर्व भागातली तेलुगू बोलणारी निम्मी, खांबाला शिवून पळायला लागायची. मैदान म्हणाल तर भिंत नाही, गेट नाही, लाईट नाही, शेजारी उकिरडा. पण मैदान चालू होतं, कारण माणूस येत होता.

पुढं 1993 च्या उन्हाळ्यात मीच शिबिरात शिकवायला उभा राहिलो, मानधनावर. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहितीये, सकाळी साडेआठलाच डोकं तापतं, म्हणून आम्ही सहाला सुरू करायचो. मानधन मिळालं दिवाळीला, तेही अर्धं, नाव घेत नाही कुणाचं. सर रिटायर झाले, त्यांची जागा भरलीच नाही, आणि दोन वर्षांत त्या मैदानावर मालट्रक लागायला लागले. हे मी पेपरात वाचलेलं नाही, त्या ट्रकच्या ड्रायव्हरांशी भांडलोय मी. हे सगळं घरात बसून झालं का?

आणि मी लेखात जो मुद्दा मांडला होता तो तुम्ही वाचलाच नाही बहुतेक. बांधायला पैसा येतो हो. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपला नंबर लागला, पार्क स्टेडियमचं रूप पालटलं, ओपन जिम तर गल्लोगल्ली झाल्या. पण असला पैसा बांधकामाचा असतो, कोचच्या पगाराचा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतनं पण पगार काढता येत नाही. उरला महापालिकेचा स्वतःचा खिसा, तर तिथं आस्थापना खर्च, म्हणजे नोकरांच्या पगारापाण्याचा खर्च, 35 टक्क्यांच्या वर गेला की भरती बंद, मग आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) पद मंजूर असलं तरी खुर्ची रिकामी, आणि तलावावर जीवरक्षक म्हणून रोजंदारीवर कुणीतरी पोरगा उभा. जकात गेली, तिच्या जागी आलेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेली, आता जीएसटीच्या बदल्यात शासन देईल त्यावर चालायचं. यात क्रीडा विभागाचा नंबर कितवा लागणार ते तुम्हीच सांगा. म्हणून मी म्हणलं होतं, एक नवीन कंपाउंड वॉल कमी बांधा.

ठेकेदाराचं म्हणाल तर त्यावर वाद घालत नाही, ज्याला महिन्याची फी परवडते त्याला ठेकेदार गोडच लागतो. पाण्याचं वेगळं लिहीन कधीतरी, तो प्रश्न मोठा आहे, इथं कशाला ओढलात कळलं नाही. तलावातलं पाणी फिल्टर होऊन तेच तेच फिरतं एवढं तरी माहिती करून घ्यायचं.

तुमची कॉमेंट डिलीट करा असे दोघातिघांचे मेसेज आले. करणार नाही. फक्त पुढच्या वेळी नावानं लिहा, आणि सकाळी सहाला कधी वेळ असेल तर सांगा, फक्की मी आणतो. मग तिथं बे म्हणा, काही वाटणार नाही.