पोकीजच्या पैशाचं स्निट्झेल

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मित्र आहे, नझारा या गेमिंग कंपनीचे शेअर घेऊन बसलेला. 2025 च्या ऑगस्टमधे केंद्राने पैशांचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून काढला, शेअर आपटला, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद की मीडियाने बोंब मारली, पुढाऱ्यांनी हात धुवून घेतले आणि मेला कोण तर गुंतवणूकदार. वर मला टॅग करतो, तुमच्या ऑस्ट्रेलियात बघ, सगळं कायदेशीर, कटकट नाही.

कटकट नाही? ये एकदा सिडनीला.

घरापासून दहा मिनिटांवर आमचा क्लब. एकीकडे मीट रॅफलचे (बक्षीस मांसाचं, अशी सोडत) नंबर पुकारतायत आणि काचेपलीकडे एक आजीबाई, मेंबर कार्ड पोकीमधे, म्हणजे जुगाराच्या मशीनमधे, कार्डाची गुंडाळी दोरी कमरेला, बटण दाबणारं बोट सोडलं तर काही हलत नाही. न्यू साउथ वेल्समधे क्लबात मशीन कायदेशीर झाल्या 1956 ला. आज 85 हजारांच्या वर आहेत, आणि माणशी जुगारात हरण्यात हा देश जगात पहिला. 2023 ला तेव्हाचे इथले प्रीमियर (राज्याचे मुख्यमंत्री) पेरोटेंनी मशीनवर रोकड बंद, फक्त कार्ड असा हट्ट धरला, निवडणूक हरले, कारणं दुसरीही होती म्हणा. नव्या सरकारने बाहेरच्या ‘व्हीआयपी लाउंज’च्या पाट्या उतरवल्या. मशीन आतच!

वुलीज, म्हणजे वूलवर्थ्स सुपरमार्केट, जिथून मी दूध-अंडी आणतो, त्यांच्या पबमधे 12 हजारांवर पोकीज होत्या. वर्षानुवर्षं टोमणे खाऊन 2021 ला दारू आणि पबचा धंदा एन्डेव्हर नावाने वेगळा काढला. याला म्हणतात दबाव. (मशीन तशाच चालू राहिल्या, ते सोडा.)

आणि आपल्याकडे? 2023 ला बच्चू कडूंनी गेमच्या जाहिरातीवरून सचिनच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं, आपण मीम टाकले. 2025 च्या जुलैत कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळतायत असा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले खेळत नव्हतो, मग कृषी खातं गेलं आणि हातात आलं कुठलं तर क्रीडा. एवढ्यावर तू गुंतवणूकदाराच्या नावाने गळा काढतोस? अरे आपल्या एसटी स्टँडमागचं व्हिडिओ गेम पार्लर आठव, काळ्या काचांचं, धाड पडायची आणि आठवड्यात परत चालू. मला तिथून बाबांनी कानाला धरून बाहेर काढलं होतं, तू सायकल घेऊन आधीच पळालास.

हे सगळं ग्रुपवर टाइप केलं आणि पुसून टाकलं.

कारण आमच्या गणपतीचा हॉल त्याच क्लबचा. भाडं नावापुरतं, ते कसं परवडतं हे मंडळात सगळ्यांना माहित्ये, विषय कोणी काढत नाही. तिथलं स्निट्झेलही (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं मांस) पोकीजच्याच पैशाने स्वस्त. माझ्या सुपरच्या, म्हणजे इथल्या निवृत्ती फंडाच्या, स्टेटमेंटमधे अ‍ॅरिस्टोक्रॅटचं नाव आहे, या मशीन बनवणारी कंपनी, म्हणजे मी आणि तो नझारावाला एकाच पंगतीत, फक्त माझं पान अजून कोणी ओढलेलं नाही.

आणि खरं सांगू का, इथे आलो तेव्हा बँक आणि लायसन्स सोडून माझ्या नावाचं पहिलं कार्ड या क्लबने दिलं. ऑफिसमधे अजून मी ‘सॅम’च आहे, क्लबच्या दारावरची बाई मात्र पूर्ण नाव घेते, समीर, नीट. मेंबरशिप परवा संपली होती. पाच वर्षांची एकदम भरली, स्वस्त पडते.