हलकी गाडी आणि वजनदार पालक

आमच्या सांगलीत माणूस कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी वरखाली करून वजन बघतो, मग तोंड उघडतो. हळद, बेदाणा, कढई, पैलवान, होणारा जावई, सगळ्यांना एकच नियम. जड म्हणजे चांगलं, हलकं म्हणजे चायनाचं. अशा गावात मी आठवी-नववीच्या पोरांना गॅसवर पळणारी रेसिंग कार बनवायला शिकवतोय आणि तिचा पहिला नियमच असा की जेवढी हलकी तेवढी बरी. म्हणजे बघा माझं काय होत असेल.

आधी गॅसचं सांगतो, कारण शाळेची नोटीस गेल्यापासून फोन थांबेनात. एका आईंनी तर विचारलं, सर सिलेंडर घरचाच पाठवू का, सध्या एकच हाय. तसलं काही नाही ओ. अंगठ्याएवढी स्टीलची नळी असते, सोडा बनवायच्या बाटलीला लावतात ती, आत 8 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. 20 डिग्रीला आत 57 बारच्या आसपास प्रेशर असतंय, आपल्या कारच्या टायरमध्ये असतंय दोन-सव्वादोन, त्यावरून काय ते समजा. गाडीच्या मागच्या भोकात ही नळी बसवायची, स्प्रिंगच्या पिनेनं तिचं तोंड फोडायचं, गॅस मागं सुटतो आणि गाडी पुढं. न्यूटनचा तिसरा नियम. पोरांना तो पाठ असतो, दोन मार्काला येतो म्हणून, पण तो परीक्षेबाहेर पण चालतो हे बघून कितीतरी जणांचे डोळे पांढरे होतात.

एफ वन इन स्कूल्स म्हणून जगभर स्पर्धा चालते, आता तिचं नाव स्टेम रेसिंग झालंय, तिथं 20 मीटरचा ट्रॅक असतो आणि चांगली गाडी सेकंदाच्या आसपास तो संपवते. तिथली पोरं कॉम्प्युटरवर डिझाइन करून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, ठोकळा कापून घेतात. आमच्याकडं करवत, पॉलिश पेपर आणि मी.

ह्या गाड्यांना वापरतात ते बाल्साचं हलकं लाकूड परवडेना म्हणून वखारीत तसलाच हलका पांगारा मागायला गेलो. वखारवाले काका माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मी त्यांच्या घराण्याबद्दल काहीतरी बोललो. "सर, ह्याची चूल पण धड पेटत नाही. सागवानाचा तुकडा देतो की, तुमच्याकडनं काय पैसे घ्यायचे." नको म्हटल्यावर ते खरंच दुखावले.

मग डिझाइन. कागदावर बाजूनं आणि वरनं गाडी काढा म्हटलं तर निम्म्या वर्गानं बोलेरो काढली. एका पोरीनं ट्रॅक्टर काढला, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. म्हटलं बाई, हवा अडते, पुढचा भाग निमुळता पाहिजे, वजन कमी पाहिजे. तर म्हणते, "ऊस उतरवून पळवू की सर." मिरजेहून येणाऱ्या एकानं सतारीचा भोपळाच आणला. पोकळ, गुळगुळीत, वजन नावाला नाही. खरं सांगायचं तर सगळ्यात डोकेबाज कल्पना तीच होती, फक्त एक्सल कुठं घालायचा ते कुणालाच सुचेना.

गाडी सरळ जावी म्हणून ट्रॅकभर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, ताणून बांधायची आणि गाडीच्या पोटाला पडद्याच्या स्प्रिंगचे ते गोल हुक लावून त्यातनं ती ओवायची. हुक तिरका बसला की तंगूस घासते आणि स्पीड गेला. पण आमचे वीर आगीच्या ज्वाळांचे स्टिकर चिकटवण्यात अख्खा तास घालवणार आणि घंटा झाल्यावर हुक पिळून मोकळे होणार.

एकदा बोलता बोलता सांगून बसलो की नळी थंड असली तर प्रेशर कमी, गरम असली तर जास्त. दुसऱ्या दिवशी भर एप्रिलच्या दुपारी सायकल स्टँडच्या पत्र्यावर नळ्या पापडासारख्या वाळत घातलेल्या! 50 डिग्रीच्या वर नेऊ नका असं खोक्यावर छापलंय आणि सांगलीचा पत्रा म्हणजे काय सांगायलाच नको. पोरांना लांब पिटाळलं, शिपाईमामांनी पाइपनं लांबनंच पाणी मारलं, मग कुठं त्या खाली आल्या. कर्ता-करविता शांतपणे म्हणतो, "सर, तुम्हीच शिकवलंय." वर्षभरात ह्या गड्यानं पहिल्यांदाच शिकवलेलं काहीतरी वापरलं होतं, त्यामुळं मनासारखं ओरडता पण येईना.

आणि आता पालक. एकांचा कुपवाड एमआयडीसीत लेथचा कारखाना आहे. त्यांनी पोराला गाडी "करून दिली". सळीचा एक्सल, पितळेची चाकं, फिनिशिंग असं की तोंड दिसावं. सोनाराच्या काट्यावर ठेवली, 420 ग्रॅम. बाकीच्यांच्या 60च्या आसपास. मी फळ्यावर मांडून दाखवलं, धक्का सगळ्यांना सारखाच, नळी अर्ध्या सेकंदाच्या आत रिकामी, वस्तुमान सातपट म्हणजे त्वरण सातव्या हिश्शावर. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मजबूत आहे म्हणताय."

शर्यतीत ट्रॅक्टरवाल्या पोरीची गाडी, आता ट्रॉल्या काढून नुसती सुरीच्या पात्याएवढी राहिलेली, फस्स झालं तेव्हाच पलीकडच्या टॉवेलात घुसली होती, नाक मोडून. पितळी गाडी निवांत आली. पण ती थांबेना. टॉवेल घेऊन, टॉवेलामागचं स्टूल आडवं करून मगच टेकली. वडिलांनी उचलली, नळीवर पांढरं बर्फ धरलेलं, तिकडं बघितलं पण नाही, एक्सलवरनं बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरली.

"बघितलासा सर? स्टूल मोडलं, हिला ओरखडा नाही." आणि मग जरा जवळ येऊन, "दोन नळ्या बसवता येत असतील की नाही?"