मागचे ऐकतायत

"काका, तुम्ही माझं बोलणं लिहून घेताय का?"

भर बसमध्ये, ठाण्यात कापूरबावडीच्या अलीकडे, वाहतूक ठप्प असताना मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारी बाई साधारण माझ्याच वयाची. त्यामुळे आधी 'काका' लागलं, मग 'लिहून घेताय' लागलं. अजूनही लागतं, आणि त्याच क्रमाने.

मी खरंच लिहून घेत होतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

जुलै महिना म्हणजे आम्हा कथा लिहिणाऱ्यांची दिवाळी. लोकांच्या दारात ओल्या छत्र्या उघडून ठेवलेल्या असतात आणि आम्हाला संपादकांचे फोन येतात, "यंदा काहीतरी वेगळं द्या. पंधरा ऑगस्टपर्यंत द्या." 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या आकाशकंदिलावर पाऊस पडतो आहे. वेगळं म्हणजे काय, ते संपादक सांगत नाहीत. शब्दमर्यादा तेवढी सांगतात. घरात बसून वेगळं सुचत नाही, कारण आमच्या घरात वेगळं काही घडत नाही. फार तर गिझर बिघडतो. म्हणून मी बसने हिंडतो. स्टेशनला सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या पुलावरच्या बसथांब्यावर, चढायचं, घोडबंदर रोडच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. बायको याला 'उंडारणं' म्हणते. प्राप्तिकरवाल्यांनी विचारलं तर मी 'व्यवसायवाढ' म्हणेन, पण तेवढ्या उत्पन्नावर ते विचारायला येत नाहीत.

पावसाळ्यातली बस ही ऐकणाऱ्याची चैन असते. खिडक्या बंद, काचांवर वाफ, बाहेरचं काही दिसत नाही. त्यात मेट्रोच्या खांबांच्या रांगेत, न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांच्या मध्ये गाडी अडकली की ड्रायव्हर वैतागून इंजिन बंद करतो. मग पुढच्या सीटवरचा फोन इतका स्वच्छ ऐकू येतो, की पलीकडच्या बाईचं 'हो काऽऽ'सुद्धा कळतं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी 14 डबे आणि 400 पाहुणे घेऊन 34 किलोमीटरवरच्या ठाण्यात आली, तेव्हा तिला ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. आज त्याच ठाण्यात स्टेशनपासून मानपाड्याला जायचं तर तिघांनाही माजिवड्यालाच घाम फुटेल. असो. मी त्या दिवशी घाईत नव्हतो.

तर पुढची बाई फोनवर म्हणाली, "तेराव्याचं जेवण उरकतंय तोच जाऊबाईंनी कपाट उघडलं."

आता तुम्हीच सांगा. असं वाक्य कानावर पडल्यावर कुठला कथालेखक ओठ मिटून, जपमाळ ओढत बसेल? मी पेन काढलं. वही काढली की माणसं सावध होतात, हा अनुभव. म्हणून मी तिकिटाच्या मागे लिहितो. मशीनमधून निघणारं ते तिकीट बोटभर रुंद. त्यावर 'तेरावा, कपाट, जाऊ' एवढं जेमतेम मावतं. हात दमट, कागद दमट, बॉलपेनचं टोक रुततं आणि अक्षराला भोक पडतं. पुढे कळलं की कपाटात रुमालात बांधलेला दागिना होता. कोणता ते गोंगाटात निसटलं, तेव्हा मी तो पाटल्या ठरवून टाकला. कथेत पाटल्या बऱ्या पडतात, वाजतात. 'पाटल्या' लिहिताना नेमकं 'ट'च्या पोटात भोक पडलं.

"म्हातारी जन्मभर सांगायची, पाच तोळ्यांचे आहेत. आम्ही दोघी गोखले रोडला सोनाराकडे घेऊन गेलो. त्याने काट्यावर ठेवले. परत ठेवले. मग चष्मा काढला गं त्याने, आणि काय म्हणाला माहितीये?"

इथे ती थांबली. माझं डोकं तोपर्यंत बहुधा तिच्या सीटच्या दांड्यापर्यंत पोचलं असावं. "थांब हं," ती फोनला म्हणाली, "मागचे ऐकतायत." आणि वळून मला तो प्रश्न.

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. कॉलेजातल्या एका पोराने फक्त यासाठी कानातलं एक बोंडूक काढलं. "छे छे," मी म्हणालो, "हिशोब लिहितोय. भाजीचा."

"खोटं बोलताय," शेजारून आवाज आला. "भाजी माझ्याकडे आहे."

खरंच होती. शेजारच्या आजोबांच्या मांडीवर जांभळी नाक्यावरच्या बाजाराची पिशवी होती आणि तिच्यातली शेपूची जुडी दर खड्ड्याला माझ्या कानात जात होती. गृहस्थ सत्तरीचे, चष्म्याला दोरी, पायात पावसाळी सँडल, सँडलमध्ये मोजे. स्टेशनपासून डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपलेत.

"दाखवा," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं तिकीट काढूनच घेतलं. चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी नेला आणि सावकाश, ओठ हलवत वाचला. बसमध्ये शांतता.

"पाटल्या नव्हेत," ते म्हणाले. "तोडे."

"काय?"

"तोडे आहेत ते. पाटल्या मागेच धाकट्या वन्संना घातल्या, लग्नात. आणि हे काय, सासू? सासू धडधाकट आहे. गेली ती आजेसासू. ब्याण्णव वर्षांची."

"एक्क्याण्णव," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे तुम्ही पण ऐकताय?"

"मी ऐकत नाही. मला ऐकू येतं," आजोबा म्हणाले. "सोमवारपासून येतंय. तुम्ही आणि मी रोज याच गाडीला असतो. पण मी कुठे लिहून घेतलं? हे लिहून घेतात. फरक आहे."

हा फरक मला आजतागायत समजलेला नाही. जो माणूस सोमवारपासून फुकट मालिका बघतोय तो सज्जन, आणि मी एक भाग चुकत-माकत टिपला तर चोर. पण बसला तो फरक लगेच समजला. पलीकडच्या बाकावरच्या दोघी माना हलवायला लागल्या. कंडक्टरने "पुढे सरका" म्हणणं थांबवलं. ज्या गावात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जिथे 1960, 1988 आणि 2010 अशी तीन साहित्य संमेलनं भरली, त्या गावात एका लेखकाची झडती चालली होती आणि एक माणूस मध्ये पडला नाही.

"मी लेखक आहे," मी शेवटी सांगितलं.

याचा काही उपयोग होतो असं नाही. पण कधीतरी सांगावं लागतं.

"असाल," आजोबा म्हणाले. "मी महसूल खात्यात होतो. उभा जन्म जबाब लिहून घेण्यात गेला. जबाबाची एक रीत असते. समोरच्याने सांगायचं, आपण लिहायचं, मग त्याला वाचून दाखवायचं. खाली लिहायचं, 'वरील जबाब वाचून दाखवला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' आणि सही. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा. त्याशिवाय कागदाला किंमत नाही." मग तिकीट पुढच्या सीटवर धरून, "ताई, दुरुस्त्या करून देतो. तुम्ही सही करा."

"मी कशाला सही करू?" ताई म्हणाल्या. "आमच्या घरातलं छापणार आहेत का हे?"

"छापणारच. त्याशिवाय लिहितील कशाला? म्हणजे घर तुमचं, तोडे तुमचे, मयत तुमच्याकडची आणि नाव यांचं. कॉपीराइट खरा तुमचा बसतो."

इथे मात्र मला राहवलं नाही. बाकी काही म्हणा, पण कायदा मला माहीत आहे. ज्याच्याकडे चोरण्यासारखं फारसं काही नसतं तो कायदा नीट वाचतो. मी सांगितलं, की आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा. घडलेल्या गोष्टीवर, नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. ती ज्या शब्दांत, ज्या घडणीत मांडली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये तसा निकाल दिलेला आहे. आर. जी. आनंद नावाचे नाटककार होते, आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला असा त्यांचा दावा होता. ते हरले.

"सिनेमा कधीचा?"

"1956 चा."

"आणि निकाल 1978 ला? बावीस वर्षं?" आजोबांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "आमच्याकडे फेरफाराच्या नोंदीवरून लोक बोलायचे." मग जरा थांबून, "बरं, हा तुमचा हक्क राहतो किती वर्षं?"

"लेखक हयात असेतोवर. आणि गेल्यावर साठ वर्षं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साठाची मोजणी कधी सुरू होईल याचा अंदाज घेत असावेत. "म्हणजे हे तोडे तुम्ही गेल्यावर साठ वर्षं तुमचे?"

"तोडे नाही. कथा."

"तेच. आणि असताना काय मिळतं?"

या प्रश्नाला मी लग्नसमारंभात हसून बगल देतो. पण बस हलत नव्हती, शेपू कानात होता आणि मी चिडलो होतो. मी सांगून टाकलं. सांगितलं, की दिवाळी अंकाच्या कथेचं मानधन ठरलेलं नसतं; विचारलं तर आपण हपापलेले ठरतो आणि न विचारता येत नाही. कथा ऑगस्टमध्ये जाते. मग "दिवाळी होऊ द्या". दिवाळी झाली की "जाहिरातींचे पैसे यायचेत". जाहिरातदारही तोवर नव्या वर्षाच्या कॅलेंडराला लागलेला असतो. कागदवाल्याला पैसे मिळतात, छापखान्याला मिळतात, मुखपृष्ठावरच्या बाईचं चित्र काढणाऱ्याला निम्मे तरी मिळतात, अंक वाटणाऱ्या पोराला तर रोख मिळतात. ज्याच्या नावाची जाहिरात 'यांच्या कथेसह' म्हणून केली, त्याला अंक मिळतो. एक. दुसरा मागितला तर सवलतीत देतात. मागे एका संपादकांनी मला सवलतीची रक्कम लगेच पाठवायला सांगितली होती, कारण त्यांना म्हणे हिशोबात उधारी ठेवायला आवडत नाही. मी पाठवलीही. त्यांच्याकडची माझी उधारी कोणत्या वहीत आहे ते मला ठाऊक नाही.

हे सगळं मी बहुधा चढ्या आवाजात बोललो. कॉलेजातल्या पोराने आता दुसऱ्या कानातलंही बोंडूक काढलं होतं.

"पण मिळाले तर किती मिळतात?" आजोबांनी विचारलं. महसूल खात्याच्या माणसाला आकडा लागतो.

मी आकडा सांगितला.

"पानाला?"

"कथेला."

"आणि लिहायला लागतं किती?"

"महिना. कधी दीड."

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझं तिकीट हळूच घडी घालून माझ्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिसा थोपटला. आधीचा माणूस बरा होता, असं मला त्या थोपटण्यामुळे वाटलं. आरोपाला उत्तर देता येतं. थोपटण्याला काय देणार?

मग ते पुढे वाकले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही बिनधास्त बोला हो! यांना काही मिळत नाही!"

बसचा श्वास सुटला. कंडक्टर पुन्हा "पुढे सरका" म्हणायला लागला. पलीकडच्या दोघींपैकी एकीने माझ्याकडे बघून अशी मान हलवली, जशी आपण दुसऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकून हलवतो. ताईंचा राग तर पार गेलाच, वर त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून मला दिली. मी घेतली. घ्यायला नको होती असं आता वाटतं, पण लिमलेट होती.

"मग कशाला लिहितात?" त्यांनी विचारलं. मला नाही, आजोबांना. मी तिथेच होतो.

"असतो एकेकाला नाद," आजोबा म्हणाले. "आमच्या साडूंना कबुतरं होती."

ताईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "हां, बोल. नाही गं, काही नाही. तर तो सोनार म्हणाला..." आणि पुढचा सिग्नल सुटला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, गिअर टाकला, सगळ्या काचा थडथडायला लागल्या. सोनाराचं वाक्य मानपाड्यापर्यंत त्या थडथडीत चाललं. ताई बोलत होत्या, पलीकडून कुणीतरी किंचाळलं असावं, कारण ताईंनी फोन कानापासून लांब धरला. आजोबा डोळे मिटून बसले होते आणि अगदी हलकेच हसत होते. त्यांना ऐकू येत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक डोळा उघडला, "सही नाही, जबाब नाही," म्हणाले आणि मिटला.

पातलीपाड्याला पुन्हा सगळं ठप्प. इंजिन बंद. ताईंचा आवाज स्वच्छ.

"अगं इथेच मागे बसलेत. हो, लेखक. नाही गं, भामटे नाही वाटत, साधेच आहेत. चष्मा, शर्टाला शाई. पैसे नाही मिळत म्हणे त्यांना. असतील पन्नाशीचे."

"पंचावन्न तरी," शेजारून दुरुस्ती आली.