व्ही-८ गेलं, कीस राहिला : शिरोलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला घेतली आणि चहा गार झाला. खाली दोन ओळी खरडून तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

बाकीच्यांसाठी मागचा धागा थोडक्यात. टोयोटाने २०२२ सालच्या मॉडेलला टुंड्रा ही अमेरिकेतली मोठी पिकअप मुळापासून बदलली. मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, सहा गिअरच्या जागी दहा आले आणि मुख्य म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन जाऊन ३.४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं व्ही-६ आलं. मी तेव्हा लिहिलं होतं की हे बरंच झालं. शिरोली एमआयडीसीत इंजिन ब्लॉकच्या मशिनिंगवर २६ वर्षं काढलेल्या काकांनी आता त्या लेखाची साल काढली आहे. त्यांचं म्हणणं असं : जुन्याची ताकद ३८१ हॉर्सपॉवर, नव्याची ३८९. आठ घोड्यांसाठी दोन सिलिंडर गमावले? सीसीला पर्याय नाही, आणि टर्बो टिकत नाही. वर लाखभर गाड्यांची इंजिनं बदलायची पाळी आली. जुन्या टुंड्राने दहा लाख मैल काढले, ही नवी एक लाख काढेल का? तिकडे रॅम या दुसऱ्या पिकअपवाल्या कंपनीने आपलं हेमी नावाचं व्ही-८ परत आणलं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं ते लेखकाला कळत नाही. आणि शेवटी, "लेखकसाहेब, कागदावरचे आकडे वाचून इंजिन कळत नसतंय. व्ही-८ चा नाद करायचा नाही. स्वतःच्या खिशातले पैसे घातलेत का त्या व्ही-६ मध्ये?"

खिशाचं शेवटी सांगतो. आधी आठ घोड्यांचं.

काका, हॉर्सपॉवरचा आकडा तुम्ही ५,६०० आरपीएमचा घेतलात. ट्रेलर ओढताना तिथे कोण जातं? जुन्याचा टॉर्क ५४४ न्यूटन-मीटर आणि तोही ३,६०० आरपीएमला. नव्याचा ६५० च्या आसपास, २,४०० ला. हायब्रिड घेतलं तर ७९०. ही आठ घोड्यांची गोष्ट नव्हेच. आणि मी राहतो डेन्व्हरजवळ, म्हणजे अंगणातच समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट वर. आमच्याकडे सीसीइतकाच हिशेब हवेचा करावा लागतो.

डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे, ११,१५८ फुटांवर. सिल्व्हरथॉर्नकडून घरी परत येताना बोगद्यापर्यंत सलग आठ मैल चढ आहे, काही ठिकाणी ७ टक्क्यांपर्यंतचा. खंबाटकी उचलून हिमालयात नेऊन ठेवावी तसा. मागे आमचा कॅम्पर ट्रेलर, वजन सुमारे २,७०० किलो. जुन्या ५.७ ने हा चढ मी कितीतरी वेळा चढलोय. गिअर दुसऱ्यावर येतो, काटा ४,००० च्या आसपास जाऊन बसतो, वेग ४५ मैलांवर घसरतो आणि आपण उजव्या लेनमध्ये, चारी इंडिकेटर चालू ठेवलेल्या मालट्रकांच्या मागे. डॅशबोर्डवरच्या कॉफीच्या कपाचं झाकण थरथरायला लागतं. पहिल्या वेळी मागच्या सीटवरून मुलीने विचारलं होतं, "बाबा, गाडी रडतेय का?"

रडत नव्हती, धापा टाकत होती. त्या उंचीवर हवेची घनता खालच्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास राहते. साधं इंजिन हवा जेवढी मिळेल तेवढीच घेणार, म्हणजे ३८१ मधले जेमतेम २७० हाताशी. टर्बो ती विरळ हवा दाबून आत ढकलतो. गेल्या उन्हाळ्यात मित्राच्या नव्या टुंड्राला तोच ट्रेलर लावून तोच चढ चढलो. काटा ३,००० च्या जरा वर, वेग ६०, आणि आम्ही डाव्या लेनमधून गप्पा मारत वर. सीसीला पर्याय नाही हे समुद्रकाठी ह्यूस्टनला बसून म्हणायला सोपं आहे.

टर्बो टिकत नाही म्हणता, त्यावर मी खंबाटकीतल्याच मालट्रकांकडे बोट दाखवणार होतो. लाखो किलोमीटर टर्बोवरच चाललेत की. पण तुम्ही लगेच म्हणाल, ते डिझेल. बरोबर आहे. पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त तापतो, टर्बोला जास्त सोसावं लागतं. हा मुद्दा तुमचा. आणखी एक देऊन टाकतो : ओझं ओढताना टर्बो पेट्रोलची बचत विसरायची. रिकाम्या गाडीला सरकारी आकडा गॅलनला १४-१५ मैलांवरून १९-२० वर गेला खरा, पण ट्रेलर लावला की दोघंही सारखीच पितात. मागच्या लेखात हे लिहायला हवं होतं, राहिलं.

आता मुख्य दुखणं.

मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ च्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, बहुतेक टुंड्रा, थोड्या लेक्सस एलएक्स. इंजिन बनवताना मशिनिंगचा कीस, म्हणजे धातू कापताना निघालेले बारीक कण, आत राहिला होता. तो मुख्य बेअरिंगमध्ये जाऊन इंजिन ठोकायला लागायचं, किंवा चालता चालता बंद पडायचं. आधी उपाय काय ते ठरेना, जुलैत सांगितलं की इंजिनच बदलून देऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्यांची भर पडली, आणि त्यात २०२४ च्याही होत्या.

२०२२ च्या लेखात माझं एक वाक्य होतं : "टिकाऊपणाची काळजी नको, बनवणारी कंपनी कोण आहे ते बघा." हे वाक्य चुकलं. कंपनीच्या नावावर इंजिन टिकत नाही. तुम्ही तोंडघशी पडलात म्हणालात, पडलो.

पण काका, पडलो तो कशावर अडखळून, ते बघा. टर्बोवर नाही, सहा सिलिंडरवर नाही. किसावर. आणि कीस काय करतो हे मला तुम्ही सांगायचं की मी तुम्हाला?

भोसरीत माझी पहिली नोकरी होती. ट्रेनी म्हणून सहा महिने मला वॉशिंगला टाकलं होतं आणि मला तो अपमान वाटायचा. इंजिनिअर होऊन भांडी घासतोय म्हणून. धुतलेला पार्ट पुन्हा सॉल्व्हंटने धुवायचा, ते सॉल्व्हंट गाळणकागदातून गाळायचं, कागद ओव्हनमध्ये वाळवायचा आणि वजन करायचं. मिलिपोर टेस्ट. तुमच्याकडेही असणारच. एकदा माझा कागद ठरलेल्या मिलिग्रॅमच्या वर गेला, मी दुसरा पार्ट घेऊन टेस्ट पुन्हा केली आणि तो आकडा लिहिला. फोरमनने पहिला कागद कचऱ्यातून शोधून काढला. त्यातली एक बारीक चकचकीत बर (धातू कापताना कडेला राहणारा कण) चिमटीत उचलून माझ्या अंगठ्याच्या नखावर ठेवली आणि म्हणाले, "ही बेअरिंगमध्ये गेली की तुझी डिग्री बाहेर येते." जर्नल (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीहून कमी, त्यातला ऑइलचा थर तर भार आल्यावर काही मायक्रॉनचा. नखावर मला ती बर नीट दिसत होती. म्हणजे तिथे ती डोंगराएवढी.

वाचक विचारतील, मग ऑइल फिल्टर कशाला असतो? इथेच गोम आहे. पंपाकडून ऑइल फिल्टरमध्ये येतं, तिथून ब्लॉकच्या मुख्य गॅलरीत (ड्रिल केलेल्या ऑइलच्या वाटेत), तिथून मेन बेअरिंगला, आणि क्रँकमधल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला. गॅलरीतच कीस अडकलेला असेल तर तो फिल्टरच्या पुढे आहे. त्याला अडवणारं मधे कोणीच नाही. दोन ड्रिल जिथे एकमेकांना छेदतात तिथे बर धरून राहते, वॉशिंगचा फवारा वळणावर कमजोर पडतो, आणि इंजिन तापून थंड होऊन शेकडो वेळा हललं की मग एक दिवस ती सुटते. म्हणून एखादी गाडी पहिल्या महिन्यात जाते आणि एखादी दोन वर्षांनी.

तुमचं म्हणणं, हाच कचरा जुन्या व्ही-८ ने पचवला असता. यावर माझ्याकडे पुस्तकी नव्हे, रस्त्यावरचा दाखला आहे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या एल८७ इंजिनाच्या, २०२१ ते २०२४ च्या गाड्या परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास. सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, एस्कलेड. ते इंजिन व्ही-८ आहे, काका. टर्बो नाही, सीसी भरपूर, तुमच्या मनासारखं सगळं. आणि कारणं काय दिली? रॉडमध्ये आणि क्रँकच्या ऑइल गॅलरीत राहिलेला गाळ, आणि क्रँकशाफ्टची मापं व फिनिश बिघडलेलं. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना त्यांनी ०-डब्ल्यू-२० ऐवजी ०-डब्ल्यू-४० ऑइल घालायला सांगितलं. पातळ ऑइलला जाड केलं, म्हणजे थर जरा बरा राहावा. आठ सिलिंडरनेही कीस पचवला नाही.

एवढं मान्य करतो की टर्बोवाल्या इंजिनात चूक माफ होण्याची शक्यता कमी. २,४०० आरपीएमला ६५० न्यूटन-मीटर म्हणजे प्रत्येक पॉवर स्ट्रोकला बेअरिंगवर मोठा घाव, आणि त्या वेळी क्रँक सावकाश फिरत असल्याने थरही पातळ. तोच कीस दोघांत टाकला तर व्ही-६ आधी ओरडेल, हे मीही लिहून देतो. पण मग सांगा, राग इंजिनाच्या आराखड्यावर काढायचा की वॉशिंग लाइनवर? २६ वर्षं ब्लॉक धुऊन पुढे पाठवलेल्या माणसाने सिलिंडर मोजत बसावं याचं मला खरंच नवल वाटलं. पिकअपच्या चाहत्यांत तीन वर्षं हीच हाणामारी चाललीय : सहा की आठ, टर्बो की साधं. भोकं कशी धुतली जातात हे एकानेही विचारलेलं मी पाहिलं नाही, आणि ते विचारायला तुमच्याइतका लायक माणूस कोण आहे?

दहा लाख मैलांच्या टुंड्राबद्दल छोटी दुरुस्ती. ती २००७ ची गाडी होती, लुइझियानातली, २०१६ साली तिने दहा लाख मैल पूर्ण केले. इंजिन व्ही-८ च, पण ४.७ लिटरचं, आपण भांडतोय ते ५.७ नव्हे. आणि वर्षाला लाखाच्या वर मैल, तेही हायवेवर, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून. गरम झालेलं इंजिन थंड व्हायला सवडच नाही. अशी गाडी टिकते. रोज सकाळी दोन मैलांवरच्या शाळेत मुलं सोडणारी गाडी वेगळी. तिचे एक लाखही तुमच्या त्या दहा लाखांपेक्षा कष्टाचे असू शकतात.

रॅमचं मात्र खरंय आणि गमतीचंही. २०२५ च्या मॉडेलला त्यांनी १५०० मधून ५.७ ची हेमी काढली, जागी ३ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं हरिकेन ठेवलं. जून २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ ला हेमी परत. बाजूला निषेधाचा बिल्लासुद्धा लावला, इंजिनातून मेंढ्याचं डोकं बाहेर आलेला. हेमीची ताकद ३९५, हरिकेनची ४२०. टॉर्कमध्येही हरिकेन पुढे. तरी लोक हेमी मागतात. म्हणजे ही मागणी ताकदीची नाही, आवाजाची आहे, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. बुलेटला साठ वर्षं आपण काय म्हणून डोक्यावर घेतली? पण मग तसं सरळ म्हणावं, टॉर्कचे आकडे मधे आणू नयेत. (मायलेजच्या नियमांचा हात होता हे तुमचं बरोबर. अमेरिकेत ते नियम मोडल्याचा दंडच जुलै २०२५ मध्ये शून्यावर आणलाय, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत आणखी व्ही-८ परतली तर मी तरी तोंडात बोट घालणार नाही.)

नव्या टुंड्रात इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवतात हे तुम्ही लिहिलंत, तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूला. भजन लावावं तसं इंजिन लावायचं म्हणजे काय? मित्राच्या गाडीत तो आवाज ऐकून मी आधी रेडिओ बंद आहे ना ते बघितलं.

मला खरंच तुमच्याकडून एक हवंय. छेदणाऱ्या गॅलऱ्यांतली बर तुम्ही शिरोलीत कशी काढायचात? आम्ही भोसरीत नायलॉनचे ब्रश आणि उच्च दाबाचं पाणी वापरायचो आणि तरी शेवटी टॉर्च लावून एकेका भोकात डोकवायचो. तुमच्याकडे याहून बरी पद्धत असेल तर सविस्तर लिहा. तुमच्या नावाने स्वतंत्र लेख म्हणून लावतो, एक शब्द न बदलता, मला घातलेल्या शिव्यांसकट.

आणि खिशाचं. नाही काका, व्ही-६ मध्ये माझा एक डॉलरही नाही. माझ्या अंगणात २०१३ ची ५.७ उभी आहे. गेल्या शनिवारीच स्पार्क प्लग बदलले. सात अर्ध्या तासात झाले, ब्रेक बूस्टरजवळच्या आठव्याने दुपार खाल्ली.