'सगळ्या वेस्टर्न सारख्याच' म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या इंग्रजी पेपरबॅकच्या गप्पा निघाल्या की एक मजकूर हटकून पुढे सरकवला जातो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराख्यांच्या आणि बंदूकबाजांच्या कादंबऱ्या, ही एकच गोष्ट, फक्त मुखपृष्ठं शंभर. लिहिणाऱ्यांनी घोडा पाहिला तो सिनेमात. रेड इंडियन असायचे ते फक्त गोळी खाण्यापुरते आणि बाई फक्त वाचवली जाण्यापुरती. सगळं पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं. त्यातलं जे बरं होतं ते टिकलं, म्हणजे लुई लामूर; बाकीचं रद्दीत गेलं ते आपल्या लायकीने. खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग.

मुद्दे एकेक करून घेतोच. पण आधी असं विचारावंसं वाटतं की आपण कोणत्या वेस्टर्न वाचून हे मत बनवलं?

मुंबई-पुण्याच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत, फाउंटनच्या फुटपाथवर आपल्या हाती पडायचे ते सडन या नायकाच्या मालिकेतली पुस्तकं, जे. टी. एडसन आणि लामूर. तिघांच्याही कण्यावर 'कॉर्गी' हे लंडनच्या प्रकाशनाचं नाव. याला कारण होतं. १९४७ पासून ब्रिटिश प्रकाशकांचा आपसांत करार होता: अमेरिकी पुस्तकाचे हक्क घ्यायचे तर भारतासकट जुन्या साम्राज्याची सगळी बाजारपेठ सोबत मिळाली पाहिजे, नाहीतर पुस्तक नको. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला झाला आणि १९७६ मध्ये ही व्यवस्था मोडली. तोवर आपल्या फुटपाथवर यायचं ते मुख्यतः लंडनने पसंत केलेलं. त्यातही गंमत बघा. 'सडन'चा जनक ओलिव्हर स्ट्रेंज इंग्रज. त्याच्यानंतर ती मालिका पुढे चालवणारा फ्रेडरिक एच. ख्रिश्चन, म्हणजे फ्रेडरिक नोलन, तोही इंग्रज. एडसनही इंग्रज, एकेकाळचा पोस्टमन. म्हणजे आपल्या तीन लाडक्यांपैकी दोन खाती इंग्लंडातली. ज्या न्यूयॉर्कच्या प्रकाशनांनी, म्हणजे गोल्ड मेडल, लायन, एस, बॅलंटाइन यांनी, १९५० च्या दशकात पंचवीस-पस्तीस सेंटांत थेट पेपरबॅकमध्ये नव्या कादंबऱ्या काढल्या, त्यातलं फारच थोडं इथवर पोचलं. ज्या ढिगातून मूठभर पाहिलं, त्या अख्ख्या ढिगावर निकाल देऊन आपण मोकळे झालो.

आता 'एकच गोष्ट' हा आरोप. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. अनोळखी घोडेस्वार गावात येतो, गावावर एका धनदांडग्या रँचवाल्याची दहशत असते, शेवटी धुळीच्या रस्त्यावर दोघं समोरासमोर. हा साचा होता आणि तो झिजेपर्यंत वापरला गेला. प्रश्न असा की त्या साच्यात राहून कोणी काय केलं.

एल्मोर लेनर्डची 'होम्ब्रे' घ्या. बॅलंटाइनने १९६१ मध्ये थेट पेपरबॅकमध्ये काढलेली. गोष्ट सांगतो तो नायक नाही, घोडागाडीच्या कंपनीतला एक साधा कारकून. गाडीत जॉन रसेल नावाचा माणूस आहे, गोरा, पण अपाची लोकांत वाढलेला. हे कळल्यावर सहप्रवाशांना त्याच्यासोबत आत बसणं नकोसं होतं आणि त्याची रवानगी वर, गाडीवानाशेजारी होते. पुढे लुटारू गाठतात, पाणी संपत चालतं, आणि त्याला बाहेर काढणारी हीच माणसं आपल्याला यातून कोण सोडवणार म्हणून त्याच्याच तोंडाकडे बघू लागतात. मी तुमच्यासाठी का मरावं, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर तो भाषण करून देत नाही, लेनर्डही देत नाही. कारकून जे दिसलं ते सांगतो, झालं. पुढे गुन्हेगारी कादंबऱ्यांत लेनर्डच्या ज्या संवादांचं जगभर कौतुक झालं, ते संवाद इथेच घडत होते. त्या वर्षांत तो डेट्रॉइटच्या एका जाहिरात कंपनीत नोकरी करायचा आणि पहाटे पाचला उठून ऑफिसच्या आधी लिहायचा.

किंवा एच. ए. डीरोसोची '.४४', लायन बुक्स, १९५३. नायक पैसे घेऊन माणसं मारणारा. सुरुवातीलाच तो आपल्यापेक्षा चपळ माणसाला मारतो, तेही एवढ्यासाठीच की समोरच्याने पिस्तूल आधी काढूनही चाप ओढला नाही. का ओढला नाही? आणि त्याला मारायला पैसे नेमके कोणी मोजले? नायकाला हे सुटत नाही आणि वाचणाऱ्यालाही. डीरोसोच्या वाळवंटात सूर्यास्त देखणे नसतात. त्याचे नायक घोड्यावर बसून पश्चिमेला जात नाहीत, स्वतःच्याच मागे लागलेले असतात. सडन वाचून जो सुखावला त्याला हे पुस्तक वेस्टर्न वाटणारच नाही कदाचित.

तिसरं नाव एल्मर केल्टन. टेक्ससमध्ये गुरांच्या रँचवर वाढलेला, पेशाने शेती-पशुधनाचा बातमीदार. त्याच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या बॅलंटाइनच्या पेपरबॅकमध्ये आल्या. त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक, 'द टाइम इट नेव्हर रेन्ड' (१९७३), पेपरबॅकवाल्याचं नव्हे, पण लेखक त्याच मुशीतला. त्यात द्वंद्वच नाही. पन्नाशीच्या दशकातला टेक्ससचा दुष्काळ आहे, सात वर्षं न पडणारा पाऊस आहे आणि सरकारी मदत घ्यायची नाही म्हणून हटून बसलेला एक म्हातारा रँचवाला आहे. मेंढ्या विकाव्या लागतात, माणसं गाव सोडतात, बँकेचा तगादा लागतो. मराठवाड्यातल्या वाचकाला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही.

'लिहिणाऱ्यांनी घोडा पाहिला तो सिनेमात' हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि अर्धा निरुपयोगी. स्ट्रेंजने अमेरिका पाहिली नव्हती म्हणतात ते बरोबर. जॅक शेफरने 'शेन' लिहिली तेव्हा तो ओहायोच्या पलीकडे गेलेला नव्हता. लेनर्ड डेट्रॉइटमध्ये बसून 'अ‍ॅरिझोना हायवेज' मासिकातल्या छायाचित्रांवरून दऱ्या आणि घाट उभे करायचा. पण केल्टन रँचवर वाढला, बी. एम. बावर मोंटानाच्या गुराख्यांत राहिली, डोरोथी जॉन्सनही मोंटानातच वाढली. दोन्ही गटांत उत्तम पुस्तकं आहेत आणि दोन्हींत टाकाऊही. तिकीट काढून जाऊन आलेल्यालाच लिहिता येतं हा निकष लावला तर ऐतिहासिक कादंबरी हा अख्खा प्रकार बाद करावा लागेल, आणि मराठी वाचकाने तरी तो लावू नये.

रेड इंडियनांबद्दलचा आरोप मात्र जड आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. ढिगातल्या खूपशा पुस्तकांत ही माणसं खरोखरच नाव नसलेली, किंचाळत येणारी आणि पडणारी आहेत. एडसनच्या पुस्तकांत वंशाबद्दलचे जे शेरे येतात ते आज वाचताना पान उलटावंसं वाटतं. पण 'फक्त' हा शब्द चुकीचा. विल हेन्रीचं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण ज्या 'मॅकेनाज गोल्ड' सिनेमाने आपल्याकडे थिएटरं भरली तो त्याच्याच कादंबरीवरचा. याच माणसाने १९६० मध्ये 'फ्रॉम व्हेअर द सन नाऊ स्टँड्स' लिहिली. १८७७ मध्ये नेझ पर्स जमातीने अमेरिकी सैन्यापासून कॅनडाच्या दिशेने केलेली ती शेकडो मैलांची माघार, आणि सांगणारा आहे त्याच जमातीतला एक म्हातारा. गोरे सैनिक इथे बाहेरचे आहेत. तिरकस गंमत म्हणजे हेन्रीचं खरं नाव हेन्री विल्सन अ‍ॅलन, आणि तो एमजीएममध्ये टेक्स अ‍ॅव्हरीच्या कार्टूनांसाठी विनोद लिहायचा. स्टुडिओला पत्ता लागू नये म्हणून टोपणनाव घेतलं. एका नावाने भागेना, म्हणून क्ले फिशर हे दुसरंही घेतलं.

टोपणनावांवरून पुढचा मुद्दा: पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं साहित्य. बी. एम. बावर हे नाव वाचून हजारो वाचकांनी मिशीवाला गुराखी डोळ्यांसमोर आणला असेल. ती बर्था मझी. १९०६ च्या 'चिप ऑफ द फ्लाइंग यू'पासून पुढे तिने पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि तिचे गुराखी गोळ्या कमी झाडतात, एकमेकांची टर जास्त उडवतात. ली ब्रॅकेटला लोक 'रिओ ब्राव्हो'च्या पटकथेसाठी आणि अंतराळकथांसाठी ओळखतात. तिची 'फॉलो द फ्री विंड' (१९६३) ही जिम बेकवर्थवरची कादंबरी. हा खराखुरा माणूस, गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, डोंगरांत फासे लावून शिकार करणारा आणि पुढे क्रो जमातीत राहिलेला. या कादंबरीला वेस्टर्न लेखकांच्या संघटनेचा स्पर पुरस्कार मिळाला. आजच्या वाचकांपैकी कितीजणांनी तिचं नाव ऐकलंय?

डोरोथी एम. जॉन्सनपाशी मी जरा रेंगाळणार आहे. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' आणि 'अ मॅन कॉल्ड हॉर्स' हे सिनेमे सगळ्यांना ठाऊक. दोन्ही तिच्या कथांवरचे, आणि दोन्ही कथा 'इंडियन कंट्री' (१९५३) या एकाच संग्रहात. लिबर्टी व्हॅलन्सची मूळ कथा सिनेमापेक्षा कितीतरी कोरडी आहे. 'अ मॅन कॉल्ड हॉर्स'मध्ये क्रो लोकांनी पकडलेला श्रीमंत घरचा गोरा तरुण एका म्हातारीचा गुलाम होतो आणि तिच्या घरचं ओझं वाहणारं जनावर म्हणून जगतो. शेवटी तो मोकळा आहे, जाऊ शकतो, तरी लगेच जात नाही, कारण त्या म्हातारीला दुसरं कोणी उरलेलं नाही. जॉन्सन हे चार ओळींत सांगते आणि थांबते. ब्लॅकफीट जमातीने तिला मानाचं सदस्यत्व दिलं होतं. ही बाई 'वाचवल्या जाणाऱ्या बायकां'च्या साहित्यात कुठे बसवायची ते आरोप करणाऱ्यांनीच सांगावं.

आता शेवटचा दावा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो: चांगलं होतं ते टिकलं.

पेपरबॅक विकली जायची ती मासिकांच्या वितरकांमार्फत, औषधांच्या दुकानांत, बसस्थानकांवर, फिरत्या तारेच्या स्टँडवर. नवा गठ्ठा आला की जुना उतरायचा. न खपलेल्या प्रतींचं मुखपृष्ठ तेवढं फाडून प्रकाशकाला परत पाठवायचं, पैसे वळते करून घ्यायचे आणि उरलेलं पुस्तक लगद्यात. उरल्या त्या प्रतींचा कागद आम्लयुक्त, डिंकाने चिकटवलेला. काही वर्षांत तांबूस होऊन पानं सुटायला लागायची. मग कायदा. अमेरिकेत १९६४ पूर्वी छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून नवा करावा लागे. १९५३ च्या पुस्तकाची पाळी १९८१ मध्ये यायची. तोवर डीरोसोला जाऊन दोन दशकं उलटलेली. तो १९६० मध्ये पंचेचाळिशीही न गाठता गेला. अनेकांची प्रकाशनं तोवर बुडालेली, नाहीतर विकली गेलेली. हक्क कोणाकडे हेच ठरेना, तर नवी आवृत्ती काढणार कोण? या सगळ्यात गुणवत्तेची परीक्षा कुठल्या टप्प्यावर झाली?

याचा पडताळा घ्यायचा तर लायन बुक्सकडेच बघा. '.४४'च्या एक वर्ष आधी, १९५२ मध्ये, याच प्रकाशनाने जिम थॉम्पसनची 'द किलर इनसाइड मी' ही गुन्हेगारी कादंबरी काढली. थॉम्पसन १९७७ मध्ये वारला तेव्हा त्याचं एकही पुस्तक अमेरिकेत छापात नव्हतं. तेव्हा 'टिकलं ते चांगलं' म्हणणाऱ्याने थॉम्पसनलाही रद्दीत ढकललं असतं. पण १९८० च्या दशकात बर्कलीच्या ब्लॅक लिझार्ड या प्रकाशनाने त्याची पुस्तकं पुन्हा काढली आणि आज त्याला अमेरिकी कादंबरीतला मोठा माणूस म्हणतात. मधल्या काळात पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. गुन्हेगारी कादंबरीला असे भक्त मिळाले, वेस्टर्नला उशिरा आणि थोडे. डीरोसोच्या कथा १९९० च्या दशकात पुन्हा संग्रहात आल्या त्या लेखक-संकलक बिल प्रॉन्झिनीने खटपट केली म्हणून.

आणि लामूर? त्याचाही दाखला उलटाच पडतो. 'होंडो' १९५३ मध्ये गोल्ड मेडलचीच, इतरांसारखी पेपरबॅक. पुढे तो बँटम या पेपरबॅक प्रकाशनाकडे गेला. बँटमने वर्षाला तीन पुस्तकं घ्यायचं कबूल केलं आणि त्याची जुनी पुस्तकं कधी छापातून जाऊ दिली नाहीत. तीस वर्षांनी कोणी दुकानात गेला तरी अख्खा लामूर फळीवर. लामूर वाईट होता असं नाही, 'होंडो' मला आवडते. पण तो टिकला यामागे त्याची लेखणी किती आणि बँटमची छापखान्याची शिस्त किती, हे वेगळं काढता येत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडं हललंय. अमेरिकी अभिजात साहित्याचे खंड काढणाऱ्या लायब्ररी ऑफ अमेरिकाने २०१८ मध्ये लेनर्डच्या वेस्टर्नचा खंड काढला आणि २०२० मध्ये चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या चार कादंबऱ्यांचा. त्यात 'शेन' आहे, 'द सर्चर्स' आहे, 'वॉरलॉक' आहे. कॅलिफोर्नियातलं स्टार्क हाउस हे छोटं प्रकाशन दोन-तीन कादंबऱ्या एकत्र करून जोड-आवृत्त्या काढतं. त्यांनीच अर्नॉल्ड हानोची 'फ्लिंट' परत आणली. हानो हा लायनचा संपादक, थॉम्पसनचाही. थॉम्पसनच्या 'सॅव्हेज नाइट'चा सांगाडा त्याच्याच संमतीने उचलून हानोने वेस्टर्न रचली आणि १९५७ मध्ये गिल डॉज या नावाने छापली. दोन्ही पाठोपाठ वाचाव्यात. पण सुरुवात 'होम्ब्रे'पासून करा, मग जॉन्सनचा संग्रह, आणि '.४४' मिळाली तर रात्री एकट्याने. सडन त्यानंतरही वाचता येतो.