‘काम अडले नसेल तर अपग्रेड नको’ हा सल्ला आळसाचा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर अपग्रेड करावे की नाही हे ठरवताना गेल्या वर्षभरातले आपले फोटो समोर घ्यावेत, सध्याच्या आवृत्तीमुळे त्यांपैकी कोणत्या फोटोचे काम अडले ते पाहावे आणि तसे काही सापडले नाही तर अपग्रेड लांबणीवर टाकावे, असे मी लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. नव्या आवृत्तीत काय शक्य झाले आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला आपले काय अडले आहे ते कळणार कसे, हा पहिला. मागे राहणाऱ्याला पुढे एकदम मोठी उडी घ्यावी लागते, हा दुसरा. आणि आपल्या नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइल) लाइटरूम ६ या अडोबीच्या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाहीत, त्यामुळे निर्णय आपल्या हातात उरलेलाच नाही, हा तिसरा. माझा सल्ला आळसाला शहाणपणाचे नाव देतो, असेही आपण म्हटले आहे. प्रश्न गंभीरपणे विचारलेले आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नॉइजच्या, म्हणजे मंद उजेडातल्या फोटोत दिसणाऱ्या दाण्यांच्या, बाबतीत तो खरा आहे. मंद उजेडाच्या सभागृहात आयएसओ ६४०० वर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता बरीच वाढवून, टिपलेला नर्तकीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. जुन्या आवृत्तीत नॉइज कमी करण्याचा स्लायडर उजवीकडे सरकवत गेलो की दाणे विरतात, पण त्यांच्याबरोबर केसांच्या बटा, कापडाची वीण आणि पापण्याही विरतात आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. याचे कारण सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, रचनेत आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेल्या दोन रंगांचे आकडे शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने काढले जातात. जुन्या पद्धतीत आधी हा अंदाज बांधला जातो आणि मग नॉइज पुसले जाते. तोवर एका पिक्सेलमधली चूक शेजारच्यांमध्ये मिसळून गेलेली असते. नव्या पद्धतीत असंख्य फोटोंवर प्रशिक्षित केलेले मॉडेल ही दोन्ही कामे रॉ फाइलवर एकत्रच करते. डीएक्सओ या कंपनीचे असे डीपप्राइम २०२० मध्ये आले आणि अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिकमध्ये (लाइटरूम ६ नंतरच्या, सबस्क्रिप्शनवरच्या रूपात) डिनॉइज ही सोय आणली. आपण टाकून दिलेले जुने फोटो यामुळे पुन्हा कामाला येऊ शकतात, हे आपले म्हणणे अगदी योग्य आहे. म्हणून वर्षभरातले फोटो तपासताना केवळ निवडलेले नव्हेत, तर नाकारलेले फोटोही तपासावेत, अशी भर मी माझ्या सल्ल्यात आपल्या प्रतिक्रियेमुळे आनंदाने घालतो.

मात्र ही तपासणी जाहिरातीतल्या नमुन्यांवर न करता आपल्याच सर्वांत वाईट फोटोंवर करावी, असा माझा आग्रह आहे. बहुतेक कंपन्या चाचणीसाठी काही दिवसांची मोफत मुदत देतात. त्या मुदतीत फोटो शंभर टक्के आकारात उघडावा आणि चेहऱ्याइतकेच मागच्या फलकावरच्या बारीक अक्षरांकडेही पाहावे. ही मॉडेले कधी कधी नसलेला पोत निर्माण करतात आणि अक्षरे ठसठशीत दिसतात, पण वाचायला गेल्यास ती अक्षरेच नसतात. शिवाय या कामाचा वेग ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतो. ते दुबळे असेल तर एका फोटोला काही मिनिटेही लागू शकतात आणि मग सॉफ्टवेअरचे अपग्रेड पाहता पाहता संगणकाचे अपग्रेड होऊन बसते. आणखी एक गोष्ट अशी की एवढ्या एका सोयीसाठी सगळे सॉफ्टवेअर बदलण्याची गरज नसते. २०२१ मध्ये आलेल्या डीएक्सओ प्युअररॉसारखा स्वतंत्र प्रोग्रॅम रॉ फाइल साफ करून तिची डीएनजी (अडोबीने आणलेल्या रॉ प्रकाराची) फाइल बनवून देतो आणि पुढचे काम सवयीच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येते.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. रॉ फाइलवर आपण जे संस्कार करतो ते फोटोत लिहिले जात नाहीत. ‘शॅडोज अधिक ४०’ अशा सूचनांच्या स्वरूपात ते कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, किंवा फोटोशेजारच्या एक्सएमपी या छोट्या फाइलमध्ये नोंदवले जातात. या ४० चा अर्थ काय, हे तो प्रोग्रॅमच जाणतो. २०१२ मध्ये लाइटरूम ४ आले तेव्हा रिकव्हरी आणि फिल लाइट हे स्लायडर जाऊन त्यांच्या जागी हायलाइट्स आणि शॅडोज आले आणि संस्कारामागचे गणितही बदलले. अडोबीने जुने गणित काढून टाकले नाही. जुना फोटो जुन्याच पद्धतीने दाखवला जातो आणि तो नव्या पद्धतीवर न्यायचा की नाही हे आपण ठरवायचे असते; नेलाच, तर उजेड-सावलीचा तोल बहुधा थोडाफार सरकतो आणि तो पुन्हा जुळवावा लागतो. जुने कॅटलॉगही पुढच्या आवृत्त्या थेट बदलून घेतात. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या मधल्या आवृत्त्या गाळल्या म्हणून उडी फारशी अवघड होत नाही.

अवघड होते ते सॉफ्टवेअरच बंद पडल्यावर, आणि तेथे दर वर्षी नियमाने अपग्रेड केलेलेही सुटत नाहीत. अॅपलचे अॅपर्चर हे फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर २००५ मध्ये आले, जून २०१४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर ते चालेनासे झाले. त्यातून लाइटरूमकडे वळणाऱ्यांना मानांकने आणि कीवर्ड सोबत नेता आले, संस्कार मात्र आले नाहीत. अॅपर्चरची शेवटची आवृत्ती वापरणारा आणि त्याआधीची वापरणारा, दोघांची अवस्था येथे सारखीच झाली.

माझ्या सल्ल्याचा गाभा येथे आहे, आणि मूळ लेखात तो ओझरता आला होता, म्हणून आता नीट मांडतो. थांबलेला माणूस पुढच्या महिन्यात अपग्रेड करू शकतो. अपग्रेड केलेल्याला मात्र पूर्णपणे मागे येता येत नाही. लाइटरूम क्लासिकची नवी मोठी आवृत्ती जुन्या कॅटलॉगची नव्या रूपातली प्रत बनवते आणि जुना कॅटलॉग जागेवरच राहतो, हे खरे. पण त्यानंतर केलेले काम फक्त नव्या प्रतीत जाते आणि ती प्रत जुनी आवृत्ती उघडू शकत नाही. लाइटरूम ६ हे २०१५ चे, एकदाच विकत घेण्याच्या परवान्याचे शेवटचे लाइटरूम. तेथून सबस्क्रिप्शनकडे जाताना आणखी एक अट येते, ती म्हणजे सबस्क्रिप्शन संपले की फोटो पाहता येतात, एक्सपोर्टही करता येतात, पण डेव्हलप हा संस्कार करण्याचा विभाग बंद होतो. या अटी मान्य करून कोणी पुढे गेले तर माझी काहीच हरकत नाही. त्या माहीत नसताना केवळ नव्या सोयींची यादी पाहून लोक पुढे जातात, याची मला मनापासून काळजी वाटते.

आता आपल्या कॅमेऱ्याविषयी. लाइटरूम ६ चे शेवटचे अपडेट डिसेंबर २०१७ मध्ये आले, म्हणून कॅननने २०१८ मध्ये आणलेल्या सीआर३ प्रकारच्या रॉ फाइल ते ओळखत नाही, आणि त्यानंतरच्या इतर कॅमेऱ्यांच्या बाबतीतही हीच अडचण येते. तरीही येथे निर्णय हातातून गेलेला नाही. डीएनजी हे रूप अडोबीने २००४ मध्ये आणले आणि त्यासाठीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो. नव्या कॅमेऱ्याच्या फाइल त्यातून काढल्या आणि सुसंगततेच्या पर्यायात जुनी आवृत्ती निवडली, की त्या लाइटरूम ६ मध्ये उघडतात. मूळ फाइल मात्र जपून ठेवाव्यात. महिन्याकाठी मोजके फोटो काढणाऱ्याला हा मार्ग वर्षानुवर्षे पुरेल. रंगमंचावरच्या कार्यक्रमांचे हजारो फोटो दुसऱ्या दिवशी द्यावे लागतात, असे आपण लिहिले आहे. इतक्या फाइल दर वेळी आधी रूपांतरित करत बसणे हे माझ्या मते काम अडणेच आहे. त्यातच मंद प्रकाश आणि मोठे आयएसओ. शिवाय लाइटरूम ६ स्वतः ६४-बिट असले तरी त्याचा इन्स्टॉलर आणि परवाना तपासणारे भाग नव्या मॅकवर न चालणाऱ्या ३२-बिट प्रकारचे आहेत, त्यामुळे पुढे नवा मॅक घेतल्यास ते त्यावर बसवता येणार नाही.

म्हणजे मी माझीच कसोटी आपल्या कामाला लावली तर उत्तर ‘अपग्रेड करा’ असेच येते. फक्त त्याआधी जुन्या कॅटलॉगची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि पुन्हा लागतीलच असे फोटो १६-बिट टिफ स्वरूपात एक्सपोर्ट करून घ्या. २४ मेगापिक्सेलची अशी एक फाइल कॉम्प्रेस न करता साधारण १४४ मेगाबाइटची होते, म्हणून सगळे फोटो न घेता निवडकच घ्यावेत. चाचणीच्या मुदतीत जुन्या कॅटलॉगला हात न लावता नव्या कॅमेऱ्याचे फोटो एका नव्या, रिकाम्या कॅटलॉगमध्ये घ्या आणि एका संपूर्ण कार्यक्रमाचे काम तेथेच पूर्ण करून पाहा. आपल्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड आणि त्याची मेमरी कळवलीत, तर डिनॉइजला किती वेळ लागेल याचाही अंदाज मी आपल्याला देऊ शकेन.